अर्जुनरावांच्या पऱ्हाटीतले तीन ट्रक

सायराला खोटं ठरवण्यासाठी थेट आकाशातला उपग्रह साक्षीला काढला होता. तो साक्षीदार उलटला कसा, हे मी लिहून ठेवते आहे, कारण आमच्या भागात ही गोष्ट आता लोक भलतीच रंगवून सांगतात. कोणी म्हणतं तिने साहेबाच्या हातून वही हिसकावली, कोणी म्हणतं रस्त्यात आडवी झोपली. यातलं काही झालं नाही. ती दोन कागदांकडे पाहत बसली आणि तिने एक प्रश्न विचारला. तो प्रश्न शिकल्यासवरल्या माणसांना आधी सुचला नव्हता, मलाही नाही, आणि मी तर तीस वर्षं भूगोल शिकवलेला आहे.

बीबी गावाच्या अलीकडे आमचा निंबफाटा. फाट्यावर सायराचं हवा-पंक्चरचं दुकान. दुकान मूळ तिच्या नवऱ्याचं, गुलाम रसूलचं. एकदा ट्रकच्या चाकात हवा भरताना रिमची कडी उडाली आणि त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं निकामी झाली. तेव्हापासून जॅक सायरा लावते, टायर सायरा उतरवते, गुलाम रसूल गिऱ्हाइकाशी गप्पा मारतो. सायरा सातवी पास आहे. घरी हिंदी बोलते, दुकानात वऱ्हाडी, आणि माझ्याशी बोलताना मधूनच शुद्ध बोलायला जाते ते मला अजिबात आवडत नाही.

पंक्चरवाल्यावर लोकांचा जन्मजात संशय असतो. रस्त्यावर खिळे यानेच टाकले असतील, एकाची तीन पंक्चरं यानेच केली असतील. म्हणून सायराचा पहिल्यापासून एक नेम. ट्यूब पाण्याच्या टबात बुडवायची, गिऱ्हाइकाला बोलवायचं आणि बुडबुडा दाखवायचा. त्याने बुडबुडा पाहिला असं तोंडाने म्हटल्याशिवाय ती ठिगळ लावत नाही. घाईतला ड्रायव्हर चिडतो, तुझ्यावर भरोसा आहे बाई म्हणतो. ती म्हणते, भरोसा ठेवू नका, इकडे या आणि पाहा. वीस वर्षं ती अशी सचोटीने बसली आहे, म्हणून पुढचं तिला एवढं लागलं.

बीटी कपाशी आली आणि आमच्याकडे ज्वारी गेली, तूर बांधावर गेली, जिकडे तिकडे पऱ्हाटी. बियाणं महाग, फवारण्या वाढलेल्या, पाऊस आपल्या मर्जीने, आणि बोंडं भरायच्या वेळी लाल्या रोग येऊन पानं करपायची. पण जो काही कापूस निघे तो सगळा सरकी काढायला जिनिंगच्या कारखान्याकडे एकाच रस्त्याने जाई, आमच्याच. दिवाळीपासून होळीपर्यंत ट्रकमागे ट्रक. जाताना भरलेले, येताना रिकामे, आणि रिकामा ट्रक म्हणजे दावं तोडलेला बैल. वेचणीच्या बायका संध्याकाळी डोक्यावर गठोडं घेऊन हाच रस्ता ओलांडतात. २०११ च्या दिवाळीनंतर एका रिकाम्या ट्रकने रुखमाबाईच्या डोक्यावरचं गठोडं उडवलं. ती एका वितीने वाचली. कापूस पार नाल्यापर्यंत उडाला आणि रुखमाबाई रस्त्याच्या मधोमध उभी राहून ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

गावाने गतिरोधक मागितले. तालुक्याला रस्त्यांचं काम पाहणारे शेषराव नावाचे साहेब होते. त्यांनी विचारलं, गाड्या जोरात जातात याला पुरावा काय. रुखमाबाई त्यांना पुरावा वाटली नाही.

नेमका त्याच वेळी नौमान माझ्याकडे आला. खामगावचा मुलगा, कधीकाळी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा आणि सतत शंका काढायचा. आता पुण्याच्या एका संस्थेत होता. त्यांचा प्रयोग असा की, उपग्रहावरच्या रडारने रस्त्यावरच्या गाड्यांचा वेग मोजता येतो का ते पाहायचं. कॅमेरा नव्हे, रडार. त्याला अंधार, धूर, ढग कशाची अडचण नाही. उपग्रह पाचशे किलोमीटर उंचावरून जातो, खाली लहरी सोडतो, परत आलेल्या लहरींवरून चित्र काढतो. दर अकरा दिवसांनी संध्याकाळी सहाच्या सुमारास तो त्याच वाटेने जाणार होता. त्या वेळी खाली रस्त्यावर कोणीतरी खरा वेग मोजून ठेवायला हवा, म्हणजे वरचं आणि खालचं ताडून पाहता येईल. मोजणीचे आकडे शेषरावांच्या कचेरीतून जाणार होते. नौमानला विश्वासाचा माणूस हवा होता. मी सायराचं नाव सांगितलं.

त्याने तिला स्टॉपवॉच दिलं, वहीचे रकाने समजावले, शंभर मीटरवर चुन्याच्या दोन रेघा मारल्या. सायराने रेघा पाहिल्या आणि म्हणाली की, कडुसं पडलं की लांबची रेघ दिसणार नाही. दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही रेघांवर ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आडव्या ठोकल्या, हवा भरून, तोंडं बांधून. पुढचं चाक पट्टीवर चढलं की फट्ट. शंभर मीटर पुढे पुन्हा फट्ट. पहिल्या फट्टला घड्याळ चालू, दुसऱ्याला बंद. डोळ्यांचं कामच नाही. नौमान तिथेच रस्त्याकडेला बसून हसत सुटला. परदेशात याच कामासाठी रबरी नळ्यांचं यंत्र विकत मिळतं, असं त्याने मला नंतर सांगितलं.

मोजणीत चूक होऊ नये म्हणून तिने आणखी एक सोय केली. बीटीच्या पाकिटात साध्या सरकीची एक लहान पुडी येते. अळीला खायला साधं पीक राहावं म्हणून ती वावराच्या कडेने लावायची असते. आमच्याकडे ती कोणी लावत नाही, कुठेतरी कोनाड्यात पडते. सायराने गावभरच्या पुड्या गोळा केल्या. एक गाडी गेली की वहीत एक ओळ आणि डब्यात एक सरकी. शेवटी वहीतल्या ओळी आणि डब्यातली सरकी जुळली नाही, तर ती ते सबंध पान खोडून टाकायची. हंगामात तिने अशी दोन पानं खोडली.

शंभर मीटर पाच सेकंदांत म्हणजे ताशी बहात्तर किलोमीटर. रिकाम्या ट्रकांची नोंद पाचाच्या आसपास, भरलेल्यांची सहाच्या. गावातून जाताना चाळीसच्या वर जायचं नाही अशी पाटी फाट्यावर आहे, तिच्यावर गुलाम रसूल ओला टॉवेल वाळत घालतो.

फेब्रुवारीत शेषरावांच्या सहीचं पत्र आलं. उपग्रहाच्या तक्त्यानुसार निंबफाट्यावर वाहनांचा वेग शून्याच्या जवळपास आढळतो, सबब सायराबी गुलाम रसूल यांच्या नोंदी घरबसल्या भरलेल्या दिसतात, त्या रद्द करण्यात येत आहेत, गतिरोधकाची आवश्यकता नाही. मराठीत सबब हा शब्द आला की पुढे कोणाचा तरी गळा आहे हे मी चाळीस वर्षं पाहत आले आहे.

पत्र ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलं. दोन दिवसांत फाट्यावर चेष्टा सुरू झाली. सायराबी, हे पंक्चर खरं आहे का घरी बसून केलं. एका ड्रायव्हरने, ज्याची गाडी ती दहा वर्षं पाहत होती, बुडबुडा दोनदा दाखवायला सांगितला. तिने दोनदा दाखवला. त्या दिवशी तिने डबा खाल्ला नाही, हे मला गुलाम रसूलने सांगितलं.

शेषराव ग्रामपंचायतीत आले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला विषय मिटवायचा होता आणि मिटवणाऱ्यांइतकं नुकसान कोणी करत नाही. त्यांनी एक टाइप केलेला कागद काढला. नोंदी अंदाजाने भरल्या, हेतू वाईट नव्हता, असं त्यात लिहिलेलं. सायराबीने सही करावी, फळ्यावरचं पत्र काढून घेऊ, पुढे कोणी काही म्हणणार नाही. सरपंच म्हणाले, कर बाई सही. गुलाम रसूलही मान हलवायला लागला.

सायराने कागद पूर्ण वाचला. सावकाश वाचते ती, ओठ हलवत. मग तो शेषरावांच्या पुढे ठेवला.

"अंगठेबहाद्दर असती तर उठोला असता अंगठा," ती म्हणाली. "मले वाचता येते. म्हणून नाही करत."

शेषराव म्हणाले, "सायराबी, उपग्रहाले तुमच्याशी काय वैर हाय? तो काऊन खोटं बोलीन?"

"मी कुठं म्हणते तो खोटं बोलते? मी म्हणते मले दाखवा. मी गिऱ्हाइकाले बुडबुडा दाखोते साहेब. तुम्हीबी दाखवा. न पाहता मी ठिगळ लावत नाही, आन् लावूनबी घेत नाही."

मागच्या बाकावरून अर्जुनराव फस्सकन हसले. त्यांचं वावर नाल्याच्या पलीकडे, रस्त्यापासून चांगलं आत. त्या साली त्यांच्या अर्ध्या पऱ्हाटीवर लाल्या होता आणि गावची आणेवारी मात्र पन्नास पैशांच्या वर लागली होती, म्हणजे कागदावर पीक चांगलं. आणेवारी लावणारा त्यांच्या वावरात पाऊल ठेवून गेल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले की घरी बसून कोण काय काय भरते ते काढायचंच असेल, तर सुरुवात सायरापासून काऊन? चित्रं मागवतो, आठ दिवस द्या, असं म्हणून शेषराव निघाले. मला खात्री आहे की ते मागवणार नव्हते. मी त्याच दिवशी नौमानला फोन केला आणि त्याला चांगलं फैलावर घेतलं.

पोरगा चौथ्या दिवशी चित्रांच्या गुंडाळ्या घेऊन हजर. दुकानात टायरांच्या थप्पीवर त्याने दोन मोठे कागद पसरले. डिसेंबरमधल्या दोन संध्याकाळी, अकरा दिवसांचं अंतर. काळंपांढरं, दाणेदार चित्र. त्यात आमचा रस्ता काळ्या दोरीसारखा. दक्षिणेकडून सरळ उत्तरेला येतो, फाटा ओलांडतो, एक किलोमीटरवर नाल्याचा पूल, आणि पुलापाशी पश्चिमेला वळून जिनिंगकडे जातो. फाट्याजवळ रस्त्यावर काही पांढरे ठिपके. नौमान म्हणाला की या गाड्या, आणि यांचा वेग शून्य येतो आहे, मलाही कळत नाही, खाला. सायराला तो खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा.

सायरा दोन्ही कागद पाहत बसली. मधे एक मोटारसायकल आली, तिची हवा गुलाम रसूलने डाव्या हाताने भरली. मग तिने नाल्याच्या वर, रस्त्यापासून बरंच उत्तरेला, शेतांच्या मधोमध बोट ठेवलं. तिथे तीन पांढरे ठिपके होते, एका ओळीत.

"हे काय होय?"

नौमान म्हणाला, पत्र्याच्या शेड असतील, पत्रा रडारमध्ये चमकतो, म्हणून आम्ही ते ठिपके सोडून दिले.

"अर्जुनराव," सायराने बाहेर हाक मारली, कारण ते बाहेरच बाकावर चहा पीत होते. "तुमच्या वावरात शेड कवा बांधल्या?"

अर्जुनराव आत आले, चष्मा लावला, ठिपक्यांकडे पाहिलं. "माह्या वावरात बांधावरचं बाभुळ सोडून काही नाही," ते म्हणाले. "मोठ्या मनाचं यंत्र हाय. लाल्या दिसला नाही, पर शेड देल्या बांधून."

सायराने दुसरा कागद ओढला. त्याच वावरात एकच ठिपका, आणि तोही निराळ्या जागी.

तेव्हा तिने तो प्रश्न विचारला. "अकरा दिवसांत दोन शेड उडून गेल्या, तिसरी सरकली, आन् मालकाले पत्ताच नाही? नौमान बेटा, शेड चालते का?"

सायरा उठून वही घेऊन आली. तीन ठिपक्यांच्या संध्याकाळचं पान काढलं. उपग्रह गेला सहा वाजून अकरा मिनिटांनी, ही वेळ चित्राच्या कोपऱ्यात छापलेली होती. तिच्या वहीत सहा वाजून नऊ मिनिटांना, नौमाननेच जुळवून दिलेल्या घड्याळाप्रमाणे, लागोपाठ तीन ओळी. भरलेला ट्रक, भरलेला ट्रक, भरलेला ट्रक, तिघेही उत्तरेला, सहा सेकंद, सहा सेकंद, सव्वासहा. ताशी साठ म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. अकराव्या मिनिटाला ते तिघं पूल ओलांडून, वळून, पश्चिमेला जिनिंगच्या वाटेवर. दुसऱ्या संध्याकाळच्या पानावर त्याच वेळेआधी एकच ट्रक.

पुढचं नौमानने लॅपटॉप मांडीवर घेऊन सांगितलं आणि मी ते इथे सोप्या भाषेत मांडते, कारण त्याची भाषा कोणालाच कळली नव्हती. रडार हॉर्नसारखं आहे. जवळ येणाऱ्या गाडीचा हॉर्न बारीक वाजतो, लांब जाणाऱ्या गाडीचा जाड. त्या फरकावरूनच त्याला वेग कळतो. पण जी गाडी त्याच्या जवळही येत नाही आणि लांबही जात नाही, नुसती त्याच्या वाटेला समांतर पळते, ती त्याच्या लेखी उभीच. आमचा फाट्यावरचा रस्ता जवळजवळ त्याच्याच वाटेच्या दिशेने गेलेला. तिथे ट्रक ऐंशीने गेला काय आणि बंद पडला काय, त्याला सारखंच. पुलापुढे मात्र रस्ता पश्चिमेला वळतो, म्हणजे त्या संध्याकाळी उपग्रह ज्या बाजूला होता तिकडेच. तिथे ट्रक त्याच्या दिशेने धावतात. अशा धावत्या वस्तूची जागा ठरवताना रडार फसतं आणि तिला रस्त्यावरून उचलून भलतीकडे नेऊन ठेवतं. वेग जितका जास्त तितकी लांब. त्या ट्रकांना त्याने पाऊण किलोमीटर उचलून अर्जुनरावांच्या पऱ्हाटीत नेऊन ठेवलं होतं.

नौमानने ठिपक्यांचं रस्त्यापासूनचं अंतर मोजलं, गणित करून वेग काढला. एकसष्ट, साठ, अठ्ठावन्न. सायराच्या वहीत साठ, साठ, अठ्ठावन्नला थोडं कमी.

अर्जुनराव म्हणाले, "म्हंजे माह्या वावरातून ट्रक गेले. नुकसानभरपाई भेटीन का?"

सायरा हसली नाही. तिने नौमानला विचारलं की मग तक्त्यात शून्य कोणी लिहिलं. तो खाली पाहत म्हणाला की संस्थेच्या तक्त्यात अशा रस्त्यांना वेग मोजता येत नाही अशी टीप होती, तालुक्याला पाठवताना टीप गळली आणि रिकामा रकाना शून्य होऊन गेला. बहुतेक माझ्याच हातून, खाला.

"मोजता आलं नाही, आन् काहीच नव्हतं, यात फरक असते बेटा," ती म्हणाली. "आमचं सगळं तिथंच जाते."

त्याने लेखी खुलासा दिला, चित्रांसह. पंधरा दिवसांनी कचेरीतून दोन ओळी आल्या. सायराबी यांच्या नोंदी ग्राह्य धरण्यात येत आहेत. सरपंच पेढे मागायला आले. सायराने पत्र वाचलं आणि परत पाठवलं. ग्राह्य म्हणजे आम्ही मोठ्या मनाने चालवून घेतो. तिला ते नको होतं. पहिलं पत्र ज्या फळ्यावर लागलं त्याच फळ्यावर, त्यावरचा घरबसल्या हा शब्द ज्याने लिहिला त्याच्याच हाताने खोडून हवा होता. गुलाम रसूल तिला म्हणाला, अब बस भी कर. ती म्हणाली, बुडबुडा दिसतोय तोवर ठिगळ पुरं झालं नाही. मी तिला समजवावं म्हणून लोक माझ्याकडे आले. मी त्यांना चहा न देता परत पाठवलं.

शेषराव मार्चच्या शेवटी आले, एकटे, जीप फाट्यावर लावून. सायराने त्यांना खुर्ची दिली नाही, स्टॉपवॉच दिलं. म्हणाली, दहा गाड्या मोजा आणि मग काय लिहायचं ते लिहा. ट्यूबच्या पट्ट्या अजून रस्त्यावरच होत्या. साहेबांनी उन्हात उभं राहून दहा गाड्या मोजल्या. सातवी गाडी म्हणजे रिकामा ट्रक. फट्ट, फट्ट. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा घाम मी दुकानाच्या सावलीतून पाहिला. चार सेकंद आणि काही थोडं. सायराने घड्याळ हातात घेऊन आकडा पाहिला, वहीत लिहिला आणि डब्यात सरकी टाकली.

मग आम्ही सगळे ग्रामपंचायतीत गेलो. शेषरावांनी खिशातून पेन काढून फळ्यावरच्या पत्रातले घरबसल्या भरलेल्या हे दोन शब्द खोडले, वर प्रत्यक्ष मोजलेल्या असं लिहिलं आणि सही केली. सायराने तारीख घालायला लावली. तिने ती ओळ ओठ हलवत वाचली आणि मग मान हलवली.

गतिरोधकाचा ठराव वर गेला आणि वर म्हणजे कुठे ते मला माहीत नाही, कारण आजतागायत तो खाली आलेला नाही. कचेरीने तिला कळवलं की प्रयोग संपला, रस्त्यावरच्या ट्यूबच्या पट्ट्या काढून घ्याव्यात. तिने नौमानला उत्तर लिहायला लावलं नाही, मलाही नाही. स्वतः लिहिलं, तीन ओळी, त्यात चार चुका, आणि मी एकही दुरुस्त केली नाही. प्रयोग तुमचा संपला, रस्ता आमचा चालू आहे, बाया रोज ओलांडतात.

पट्ट्या तिथेच आहेत. फाटल्या की ती नव्या ठोकते. अनोळखी ड्रायव्हर पहिल्या फट्टला आपला टायर फुटला समजून करकचून ब्रेक मारतो, गाडी कडेला घेतो, उतरून चाकं पाहत हिंडतो, तेवढ्यात वेचणीच्या बायका रुखमाबाईच्या मागोमाग रस्ता ओलांडून जातात. मग तो सायराच्या दुकानाकडे रागाने पाहतो. धंद्यासाठी केलंय सगळं, असं म्हणणारे आहेतच. ती त्याला टबापाशी बोलावते, ट्यूब बुडवून दाखवते आणि सांगते की पाहा, बुडबुडा नाही, पंक्चर नाही, जा आता, पण हळू.